मत पिकलं की विकलं? एका इंटर्नला उत्तर

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा. तू मेडिकलला इंटर्न आहेस. कॉलेजच्या वर्षांत विद्यार्थी चळवळीत होतास. आरोग्यसेवा पूर्ण सरकारी असावी, खासगी दवाखाना म्हणजे लूट, आणि आजार गरिबीतून येतो म्हणून आधी समाज बदलला पाहिजे, हे तू ठामपणे मांडायचास. आता वर्षभर कॅज्युअल्टी आणि वॉर्ड पाहिल्यावर ते सगळं हलायला लागलंय. खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खाऊन तोंड उघडेना म्हणून आलेला माणूस पाहिलास आणि ‘याच्यावर सरकारने का खर्च करावा?’ असं मनात येऊन गेलं, मग त्याची लाज वाटली. जुने मित्र म्हणतात, तू बदललास. तू विचारतोस, माझी मतं पिकली की मी विकला गेलो, हे ओळखायचं कसं?

मीही मेडिकलचीच. १९८८ साली इंटर्नशिप संपवली आणि तेव्हापासून नागपुरात गोळीबार चौकाच्या मागे, टिमकीच्या विणकर वस्तीत दवाखाना चालवते. तुझ्या वयात माझी मतं तुझ्यापेक्षा कडक होती. त्यातली काही बदलली, काही आजही तशीच आहेत. एकदा मात्र मत बदलायला मी उशीर केला आणि तो उशीर दुसऱ्या एका बाईला भोवला. तुला द्यायला माझ्याजवळ जे उत्तर आहे, ते तिच्यामुळेच आहे.

त्याआधी एक साधी गोष्ट. रात्रपाळी उतरल्यावर त्या दिवशी कुठलंही मत बदलायचं नाही. छत्तीस तास जागलेल्या डॉक्टरला पेशंट वैरी वाटतो, नातेवाईक गुंड वाटतात आणि सरकार मेलंय असं वाटतं. मलाही वाटायचं. झोप काढ, पोटभर जेव आणि दोन दिवसांनी तोच प्रश्न स्वतःला विचार. तरीही तसंच वाटत असेल तरच तो तपासायला घे. मी पाहिलेल्या कितीतरी चांगल्या पोरांनी थकव्यालाच अनुभव समजून आयुष्यभराची मतं बनवली.

आता माझी मतं कुठून आली ते सांगते. १९७८ साली आल्मा-आटाच्या आरोग्य परिषदेत जगभरच्या सरकारांनी ‘२००० सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ असा शब्द दिला होता. आमच्या होस्टेलच्या भिंतीवर आम्ही तो रंगवला होता. त्याच्याही आधी, १९४६ साली देशाच्या आरोग्यसेवेसाठी नेमलेल्या भोर समितीने सांगून ठेवलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहता कामा नये. चाळीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ही त्यांची लगेच करायच्या कामांपैकी एक शिफारस होती. एम्प्रेस मिल या कापड गिरणीच्या चाळींत आम्ही रविवारी जायचो. टीबीचे पेशंट मोजायचो आणि प्रत्येक घरात किती माणसं, किती खिडक्या ते लिहून घ्यायचो. फिर्शो नावाच्या जर्मन डॉक्टरने १८४८ साली सायलेशियातल्या टायफसच्या साथीवर औषध म्हणून शिक्षण, रोजगार आणि लोकशाही सुचवली होती. ते वाचून आम्हाला वाटलं, झालं, सगळं कळलं. इलाज राजकारणात आहे, दवाखाना ही फक्त मलमपट्टी.

या मताला पहिला तडा गडचिरोलीने दिला. त्या काळी आम्ही ठणकावून सांगायचो की खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईच्या हातात इंजेक्शन देणं म्हणजे गरिबांसाठी दुय्यम दर्जाची सेवा. शहरातल्या बाळाला बालरोगतज्ज्ञ, मग आदिवासी बाळाला शेजारीण का? डॉक्टरच गेला पाहिजे, आणि जात नसेल तर सरकारला भाग पाडलं पाहिजे. ऐकायला बरोबर वाटतं ना? अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या एकोणचाळीस गावांत आम्ही नको म्हणायचो तेच केलं. गावातल्याच बायकांना नवजात बाळ तोलायला, ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिथले नवजात बालमृत्यू बासष्ट टक्क्यांनी कमी झाले होते. मी तो लेख दवाखान्यात बसून वाचला. आम्ही डॉक्टरची वाट पाहायला सांगत होतो त्या वर्षांत किती बाळं गेली असतील, असा हिशेब डोक्यात सुरू झाला. तो मी पुरा केला नाही, करवला नाही. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ पाहते. हे काम २०११ पासून देशभर आशांकडे आलं, आणि त्याची मुळं तिथे आहेत.

तरीही तेव्हा मला ते अपवादासारखं वाटलं. गडचिरोली वेगळी, जंगल वेगळं, असं म्हणून मी बाकीची मतं होती तशीच ठेवली.

आता त्या बाईची गोष्ट. २०१३ च्या नोव्हेंबरात राजीव गांधी जीवनदायी योजना नागपूरसह राज्यभर लागू झाली. आधी ती आठ जिल्ह्यांत होती, त्यात आपलं नागपूर नव्हतं. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे ठरावीक उपचार मोफत, तेही खासगी रुग्णालयात. आज तिलाच महात्मा फुले योजना म्हणतात. आमच्या गटाचा तिला कडक विरोध होता. सरकारी पैसा खासगी खिशात जाणार, सरकारी दवाखाने आणखी ओस पडणार, हा आमचा मुद्दा. वस्तीत वाटायला आम्ही पिवळ्या कागदावर एक पत्रक काढलं. मथळा होता ‘हा उपचार नाही, हा ठेका आहे’. मजकूर मी लिहिला होता आणि खाली माझीही सही होती.

२०१४ च्या फेब्रुवारीत एक एकोणतीस वर्षांची बाई दवाखान्यात आली. नवरा यंत्रमागावर, ती घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. जिना चढला की दम लागायचा आणि रात्री उशी उंच घेतल्याशिवाय झोप नाही. छातीला स्टेथो लावला आणि तो गडगडणारा आवाज ऐकू आला. एकदा ऐकला की विसरता येत नाही. इकोमध्ये हृदयाची मायट्रल झडप पार आकसलेली दिसली. अकराव्या वर्षी तिचे गुडघे सुजले होते, मग घोटे, मग मनगटं. घरच्यांनी लेप लावला होता. तो संधिवाताचा ताप होता. दाटीवाटीच्या घरांतून घशाच्या संसर्गामागून येतो आणि झडपेत घर करून बसतो.

मी तिला शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात पाठवलं. ऑपरेशनसाठी पुढची तारीख मिळाली, त्या तारखेला गेल्यावर त्याच्या पुढची. मार्चमध्ये नवऱ्याने विचारलं, “म्याडम, केशरी कार्ड हाये आमच्यापाशी. त्या योजनेत पाहू काय?” मी म्हणाले, थोडं थांबा, आपला हक्क आहे तिथे, तिथेच घेऊ. मी अधीक्षकांना पत्र लिहिलं, फोन केले, एकदा स्वतः जाऊन बसले. मी काम करत होते. हे मुद्दाम सांगते. मी निष्काळजी नव्हते, मी तत्त्वाची होते.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी कांडी भरता भरता तिच्या उजव्या हातातून सुटली. तिने उचलली, पुन्हा सुटली. मग बोलताना जीभ जड झाली. ठोके अनियमित झाले होते, हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात गुठळी धरली होती आणि ती मेंदूत गेली होती.

चार दिवसांनी तिचा नवरा आला. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटातून त्याने घडी घातलेलं आमचं पिवळं पत्रक काढलं आणि माझ्या टेबलावर पसरलं. घडीवर ते फाटायला आलं होतं. त्याच्या आवाजात राग नव्हता. “म्याडम, हे तुमीच देल्लं होतं ना? आमी जपून ठेवलं. आता सांगा, आमी कोन्ती लाइन लावाची?”

त्याला खरंच उत्तर हवं होतं. मी जे म्हणेन ते तो करणार होता. माझ्या आयुष्यात मला कुणी इतका अवघड प्रश्न विचारलेला नाही.

प्रकृती थोडी सावरल्यावर, जूनमध्ये, रामदासपेठेतल्या एका खासगी रुग्णालयात त्या योजनेतून तिची झडप बदलली. तिथल्या आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या मदतनिसाने, कागद केले आणि मंजुरी आली. ऑपरेशनसाठी घरून एक रुपयाही गेला नाही. ती वाचली. उजवा हात अर्धाच परत आला.

यानंतर मी काय करायला हवं होतं असं तुला वाटतं? सोपा रस्ता दुसऱ्या टोकाला जायचा होता: योजना उत्तम, खासगी उत्तम, आम्ही मूर्ख. माझ्या बॅचचे काही जण तसे गेले आणि आज ते सरकारी दवाखान्याचं नाव काढलं तरी हसतात. पण त्याच बाईने मला तिथेही जाऊ दिलं नाही. धातूची झडप बसली की रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. गोळीचा डोस बरोबर आहे का हे पाहायला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, वरचेवर तपासावं लागतं. सुरुवातीचे महिने सरले, आणि पुढचा तो सगळा खर्च घरच्या खिशातून सुरू झाला. तपासणीच्या दिवशी नवऱ्याचा खाडाही पडायचा. ऑपरेशनला पैसे मिळाले, ते टिकवायला मिळाले नाहीत. आणि अकराव्या वर्षी जवळच्या सरकारी दवाखान्यात कुणी तो सांध्यांचा ताप ओळखला असता आणि दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं असतं, तर बहुधा यातलं काहीच घडलं नसतं. ते स्वस्त इंजेक्शन आहे. शेवटच्या पायरीवर पैसे ओतायचे आणि पहिली पायरी मोडकी ठेवायची, हे आमच्या पत्रकात लिहिलं होतं आणि ते खरं होतं.

म्हणजे पत्रकातलं निदान बरोबर होतं आणि त्यावरून आजारी माणसाला दिलेला सल्ला चुकीचा होता. या दोन गोष्टी सुट्या करायला मला एका बाईचा उजवा हात लागला. धोरण चुकीचं आहे म्हणून तू मोर्चा काढ, पत्रकं वाट, न्यायालयात जा. पण त्या धोरणातून आज मिळणारं बेड समोरच्या पेशंटला नाकारायला सांगू नकोस. लढाई वीस वर्षं चालेल, झडप वीस आठवडेही थांबत नाही. आणखी एक गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. योजनेत सरकारी रुग्णालयंही होती आणि केलेल्या उपचारांचे पैसे त्यांनाही मिळत होते. विरोधाच्या जोरात मी शासन निर्णय शेवटपर्यंत वाचलाच नव्हता.

तेव्हापासून कुठल्याही मताला मी पहिला प्रश्न हा विचारते: हे मत चुकीचं निघालं तर भुर्दंड कुणाला? मला असेल तर मी ते बिनधास्त धरते. दुसऱ्याला असेल, आणि तो मला ‘म्याडम’ म्हणून माझ्या शब्दावर थांबणारा असेल, तर ते मत मी दर वर्षी तपासते.

तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तरही मी असंच शोधेन. गेल्या वर्षभरात तुझी कोणती मतं बदलली ती कागदावर लिही. प्रत्येकापुढे लिही की या बदलाने कुणाचं जगणं सोपं झालं. सगळे बदल तुझ्याच सोयीचे निघाले, म्हणजे बाँडची सक्तीची सरकारी नोकरी टाळायला सोपं, पेशंटवर चिडायला सोपं, खासगीत पहिली नोकरी धरायला सोपं, तर सावध हो. एखाद्या बदलाने तुझंच काम वाढलं असेल, जुन्या मित्रांसमोर मान खाली घालावी लागली असेल, तर तो बदल बहुतेक खरा आहे. मला ही कसोटी पुस्तकात सापडलेली नाही, पण तिने मला फसवलेलंही नाही.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं उदाहरण देते, कारण तिथे मी सरकारवर टीका करणारी नव्हते, सरकारी मोहिमेच्या पुढे धावणारी होते. विदर्भात हा आजार आदिवासी आणि बौद्ध समाजात जास्त आहे, इतर जातींतही सापडतो. आई आणि बाप दोघेही वाहक, म्हणजे एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजारी, निघण्याची शक्यता पंचवीस टक्के. एक वाहक आणि दुसरा निरोगी असेल तर एसएस बाळ होतच नाही. गणित इतकं स्वच्छ की आम्ही इंदोऱ्यापासून पारडीपर्यंत शिबिरं घेतली, कार्ड वाटली आणि ‘पत्रिका नको, सिकलसेलचं कार्ड पाहा’ असं सांगत फिरलो. जातीच्या पत्रिकेऐवजी विज्ञानाचं कार्ड! आम्हाला वाटलं हीच सामाजिक क्रांती.

तीन-चार वर्षांनी एक मुलगी तिच्या आजीसोबत आली. ती एएस होती. स्वतः पूर्ण निरोगी, बीएड झालेली. मुलाकडच्यांनी कार्ड मागितलं आणि लग्न मोडलं. मुलाची तपासणी केली का, असं मी विचारलं. केली नव्हती. करायला कुणी सांगितलंच नव्हतं. कार्ड मुलीचं मागायचं असतं, एवढंच आमच्या मोहिमेतून लोकांनी उचललं होतं. आजी म्हणाली, “बाई, आमी तिचं कार्ड चुलीत टाकून देल्लं. आता तुमी म्हना का तिचं रक्त चांगलं हाये.” मी पुन्हा तपासणी करून खोटं लिहून देणार नव्हते. पण त्या आजीला दोषही देऊ शकले नाही.

तपासणी चुकीची नव्हती, आजही नाही. लहान वयात निदान झालं तर हायड्रॉक्सीयुरिया देता येतं, दुखण्याचे झटके कमी होतात, मूल शाळेत टिकतं. चूक ही होती की समाजात आधीपासून असलेल्या उताराचा आम्ही विचार केला नाही. कुठलीही नवी गोष्ट त्या उतारावरूनच वाहते आणि खाली मुलगी उभी असते. त्यानंतर आम्ही एकट्या मुलीला कार्ड देणं बंद केलं. समुपदेशन मुलगा आणि मुलगी दोघांना एकत्र, आणि ‘वाहक म्हणजे आजारी नव्हे’ हे वाक्य प्रत्येक शिबिरात आधी. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची ठरली. त्या कामावर तुझी नेमणूक झाली तर ट्यूबा मोजण्याआधी हे लक्षात ठेव.

आता तुझा खर्रावाला पेशंट. तुला लाज वाटली ते चांगलंच झालं, पण लाजेने विचार थांबवू नकोस. तरुणपणी मी खर्रा खाणाऱ्याला काहीच बोलत नसे. बारा तास मागावर उभं राहणारा माणूस भूक आणि झोप मारायला खर्रा खातो, त्याला उपदेश करणं म्हणजे पिचलेल्यालाच दोष देणं, असं माझं मत होतं. कारण खरं होतं. पण त्या मतामुळे माझ्या खुर्चीसमोर वर्षानुवर्षं बसलेल्या माणसांना, तुझं तोंड आकसायला लागलंय, हे स्पष्ट शब्दांत कुणी सांगितलंच नाही. मी त्यांना परिस्थितीचे बळी मानलं आणि समज असलेलं माणूस मानायचं विसरले. आता तापासाठी आलेल्या माणसालाही मी सांगते, तीन बोटं उभी करून तोंडात घाल. तिन्ही गेली तर ठीक. दोनच गेली तर आम्ही बोलतो. चेहरा बदलतो त्यांचा. काही जण सोडतात, बरेच जण सोडत नाहीत, काही दोन वर्षांनी सोडतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि खर्रा मात्र कोपऱ्याकोपऱ्यावर घोटून मिळतो, तेव्हा नुसत्या कायद्याने भागत नाही आणि नुसत्या उपदेशानेही नाही. सरकारने का खर्च करावा, या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे: आजारात माणसाची स्वतःची चूक किती हे मोजून उपचार द्यायचे ठरवलं, तर आधी मधुमेहाच्या साहेबांपासून सुरुवात करावी लागेल. ती मोजणी नेहमी गरिबापाशीच का सुरू होते, हे तू स्वतःला विचार.

न बदललेल्या मतांविषयीही सांगायला हवं, नाहीतर तुला वाटेल की अनुभव म्हणजे हळूहळू उजवीकडे सरकणं. आरोग्यावर सार्वजनिक पैसा खर्च झालाच पाहिजे, हे मत माझं आज जास्त पक्कं आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के खर्चाचं लक्ष्य ठेवलं. २०२१-२२ च्या आरोग्य लेख्यांत, म्हणजे देशाच्या आरोग्यखर्चाच्या सरकारी हिशेबात, सरकारी खर्च १.८४ टक्के दिसतो, आणि ते कोविडचं वर्ष होतं. त्याच लेख्यांतला दुसरा आकडा मात्र माझ्या मताला टोचणारा आहे. एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधल्या ६४.२ टक्क्यांवरून ३९.४ वर आला. ‘काहीच बदलत नाही’ हे आमचं आवडतं वाक्य त्या आकड्यासमोर टिकत नाही, म्हणून मी ते वापरणं सोडलं. शंभरातले एकोणचाळीस रुपये अजूनही आजारी माणूसच काढतो, हे वाक्य वापरते.

खासगीवर अंकुश ठेवता येत नाही, असं मला मित्र सांगायचे. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ऐंशी टक्के खाटांचे दर ठरवून दिले, व्हेंटिलेटरसह आयसीयूला दिवसाला नऊ हजार. अंमलबजावणीत भोकं होती, बिलांवरून भांडणं झाली, पण ठरवलं तर दर बांधता येतात हे सगळ्यांनी पाहिलं. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, हा नियम तर आधीपासून आहे. इंटर्न म्हणून तू एक जरी पेशंट तिथे हक्काने दाखल करवलास तरी राजकारण म्हणजे काय ते तुला दहा सभांपेक्षा जास्त कळेल.

आणि आजाराचं मूळ समाजात असतं, हे जुनं मतही कायम आहे. एम्प्रेस मिलच्या चाळीत खिडक्या मोजणारी आम्ही पोरं चुकलो नव्हतो. झारखंडमध्ये टीबीच्या पेशंटच्या घरच्यांना नुसतं पुरेसं धान्य, डाळ वगैरे देऊन पाहिलं, तर त्यांच्यात नव्याने होणारा टीबी एकोणचाळीस टक्क्यांनी कमी झाला. २०२३ साली तो अभ्यास आला. फिर्शोच्या टेबलावर ठेवावा असा तो कागद आहे. फरक एवढाच की पूर्वी मी म्हणायचे, आधी समाज, मग दवाखाना. आता म्हणते, धान्याची पिशवी आणि गोळ्यांचं पाकीट एकाच हातात द्या.

मित्रांचं काय, हे तू शेवटच्या ओळीत विचारलंस. मला वाटतं तोच तुझा खरा प्रश्न आहे. मत बदललं की एकटेपणा येतो, आणि ज्या पोरांबरोबर आपण रात्री जागलो त्यांनी ‘बदलला’ म्हटलं की जेवण जात नाही. मी पत्रकाची चूक कबूल करणारं दुसरं पत्रक काढलं, पांढऱ्या कागदावर. योजनेचा फायदा कसा घ्यायचा, कुठे अडवतात, कुणाकडे तक्रार करायची, आणि ही योजना अपुरी का आहे, हे सगळं एकाच कागदावर. ते मी आधी वस्तीतल्या समाजमंदिरात वाचून दाखवलं, मग गटाच्या बैठकीत. हा क्रम मुद्दाम ठेवला. ज्यांनी सोसलं त्यांना आधी सांगायचं. बैठकीत आधी सांगितलं असतं तर आम्ही शब्दांवर वाद घालत तीन महिने काढले असते. माझा एक जिवाभावाचा सहकारी दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. मग त्याच्या वडिलांच्या डायलिसिसच्या वेळी त्याचाच फोन आला. मी पत्रकाचा विषय काढला नाही, त्यानेही नाही. आम्ही कागद गोळा केले.

तू लगेच करू शकशील अशी एक सवय सांगते. त्या वर्षापासून मी एक लांबट, हिशेबाची असते तशी वही ठेवली आहे. डाव्या पानावर माझं मत, तारखेसह. उजव्या पानावर, हे मत चुकीचं असेल तर मला काय दिसेल. ते आधीच लिहायचं, कारण नंतर आपण सोयीचं तेच पाहतो. शेवटचं भरलेलं पान जुलै २०२४ चं आहे. तेव्हापासून राज्याची योजना सगळ्याच कुटुंबांना आणि पाच लाखांपर्यंत झाली. डाव्या पानावर मी लिहिलंय: मोठ्या ऑपरेशनचं कर्ज कमी होईल, रोजच्या गोळ्यांचा खर्च तसाच राहील. उजव्या पानावर आमच्या गल्लीतली बारा घरं लिहिली आहेत. दर दिवाळीनंतर मी त्या घरांत जाते, औषधांची रिकामी पाकिटं आणि बिलं मांडायला सांगते आणि बेरीज करते. बेरीज घटली तर माझं डावं पान चुकलं, आणि तसं झालं तर मला आनंदच होईल.

या वेळची फेरी येत्या शनिवारी सुरू करतेय. तिसरं घर त्या बाईचं आहे. ती आता कांड्या डाव्या हाताने भरते, आयएनआरचे सगळे रिपोर्ट एका पिशवीत लावून ठेवते आणि गेल्या वर्षी मी बेरजेत केलेली चूक तिनेच काढली. तुला सुट्टी असेल तर ये. सात वाजेपर्यंत पोच, आठला माग सुरू झाले की त्या गल्लीत बोललेलं ऐकू येत नाही.